घरी शिकणाऱ्या मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, आणि कोणत्या वयात?

प्रश्न : कोरडवाहू आई (यवतमाळ जिल्हा)

सर्वांना जय ख्रिस्त.

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात आमचे घर आहे. यजमान शेती पाहतात आणि तीन मुलांचा अभ्यास गेली चार वर्षे मी घरीच घेते. मोठी मुलगी १२ वर्षांची, मुलगा ९ आणि धाकटी ६ वर्षांची आहे. पुढे मुलीला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचे आहे, त्यामुळे परीक्षेच्या पुस्तकांबद्दल माझी काही शंका नाही. शंका आहे ती अवांतर वाचनाबद्दल. आमचे घर जुन्या वळणाचे कॅथलिक आहे. रोज संध्याकाळी जपमाळ होते, शुक्रवारी मांस शिजत नाही, उपवासकाळात टीव्हीवर चादर पडते आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे मुलांकडून पाठ करून घेतली जातात. गावात आमच्याखेरीज ख्रिस्ती घर एकच आहे, चर्च ३६ किलोमीटरवर आहे, आणि एखाद्या पुस्तकाबद्दल फादरांना विचारायचे तर मिस्सेनंतरच्या (चर्चमधल्या उपासनेनंतरच्या) गर्दीत दहा मिनिटे मिळतात, तीही मिळाली तर.

आता प्रसंग सांगते. मागच्या आठवड्यात व्यापाऱ्याची गाडी आली म्हणून मधल्या खोलीतला कापूस भरायला काढला, तेव्हा ढिगाच्या तळाशी, भिंतीकडच्या बाजूला, तालुक्याच्या वाचनालयाचा शिक्का असलेली भुताखेतांची एक कादंबरी निघाली. पानापानाला कापसाचे तंतू चिकटलेले होते, त्यावरून ती रोज काढली जात होती आणि रोज परत खुपसली जात होती हे उघड होते. मुलगी रडली, पण तिचे म्हणणे एवढेच होते की, "तू न वाचताच नाही म्हणाली असतीस." हे खोटे नाही. याआधी दोन पुस्तके मी नुसते मुखपृष्ठ पाहून तिच्या हातून काढून घेतली होती.

दुसरी अडचण नेमकी उलट बाजूची आहे. परदेशात राहणाऱ्या नणंदेने तिथल्या एका कॅथलिक कुटुंबाची वापरून झालेली इंग्रजी पुस्तके खोके भरून पाठवली. त्यांत संतचरित्रे आहेत, जुनी वाचनमाला आहे, मिशनऱ्यांच्या गोष्टी आहेत. ही तरी निर्धोक असतील म्हणून मी ती मुलाच्या हाती दिली. चार दिवसांनी त्याने विचारले, "हीदन म्हणजे कोण?" मी सांगितले, ख्रिस्ताला न ओळखणारे लोक. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे हुरडा देणारी आजी?" पुस्तकातल्या चित्रात ते लोक जाळाभोवती दात विचकून नाचत होते. शेजारच्या आजीने या पोराला अंगाखांद्यावर खेळवलेले आहे.

त्यातच आमचे एक ज्येष्ठ नातेवाईक म्हणतात की पंचतंत्र, अभंग, अगदी 'श्यामची आई'सुद्धा आपल्या घरात असू नये, कारण त्यांत दुसऱ्या धर्माचे संस्कार आहेत. त्यांना उलट उत्तर द्यावेसे वाटत नाही आणि त्यांचे म्हणणे पटतही नाही.

घरी शिकवणारी किंवा शिकवलेली जी कुटुंबे इथे असतील त्यांनी सांगावे की आपण निवड कशी करता. याद्या मला पुष्कळ मिळाल्या आहेत, परंतु त्या सगळ्या ज्यांच्या दारात बर्फ पडतो त्यांच्यासाठी केलेल्या आहेत.

उत्तर १ : जुना धर्मशिक्षक (अमरावती जिल्हा)

ताई, आपल्या खोक्यापासून सुरुवात करतो. त्यातल्या पुस्तकांच्या शीर्षकपानामागे 'निहिल ऑब्स्टॅट' आणि 'इम्प्रिमातुर' असे शब्द व खाली एखाद्या बिशपांचे नाव छापलेले असण्याची शक्यता आहे. ते पाहून आपण निश्चिंत झाला असाल तर त्या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्या. पहिला शब्द परीक्षकाचा आहे, दुसरा बिशपांच्या परवानगीचा आहे, आणि दोन्ही मिळून एवढेच सांगतात की या पुस्तकात श्रद्धा व नीती यांच्या विरुद्ध काही आढळले नाही. पुस्तक चांगले लिहिले आहे, नऊ वर्षांच्या मुलाला झेपणारे आहे, किंवा त्यातली इतर समाजांची वर्णने न्याय्य आहेत, अशी हमी त्यात नसते. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेप्रमाणे ही मान्यता बायबलच्या आवृत्त्या, धर्मशिक्षणाची व प्रार्थनेची पुस्तके, आणि धर्मविषयक पाठ्यपुस्तके अशांना लागते. गोष्टीच्या पुस्तकाला ती लागत नाही. म्हणून मान्यतेचा शिक्का नाही तेवढ्यावरून कथेचे पुस्तक वाईट ठरत नाही. चर्चची निषिद्ध ग्रंथांची जी यादी १५५९ पासून निघत होती, तिचे कायदेशीर बंधन १९६६ मध्ये संपले. ती यादी गेल्यावर पारखण्याचे काम थेट आपल्या ओसरीवर येऊन पडले. मुलांचे पहिले शिक्षक आईवडील, हे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितलेच आहे, आणि पहिल्या शिक्षकाने मुखपृष्ठावरून निकाल देऊ नये, हे आपल्या मुलीचे म्हणणे मला तरी रास्त वाटते.

कापसातल्या पुस्तकावरून मला आविलाची संत तेरेजा आठवली. तिने आपल्या आत्मचरित्रात बालपणीच्या वाचनाच्या दोन हकिगती सांगितल्या आहेत. पहिली अशी की संतांच्या, विशेषतः रक्तसाक्षींच्या (श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांच्या) कथा वाचून ती आणि तिचा भाऊ रॉड्रिगो असे दोघे लहानपणी मूरांच्या, म्हणजे मुस्लिमांच्या, देशात जाऊन ख्रिस्तासाठी मान कापून घ्यायची असे ठरवून बसले; चरित्रकार तर सांगतात की ते घराबाहेर पडलेही आणि काकाने त्यांना परत आणले. म्हणजे पुस्तक अगदी पवित्र होते, तरीही मोठे माणूस शेजारी नसल्यामुळे पोरांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. दुसरी हकिगत आपल्या घरासारखी आहे. तिच्या आईला शूरवीरांच्या अद्भुत कादंबऱ्यांचा नाद होता, वडिलांना तो खपत नसे, आणि म्हणून ही पुस्तके वडिलांच्या नजरेआड वाचली जात.

लोयोलाच्या संत इग्नेशियसांनाही अशाच कादंबऱ्यांचे वेड होते. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडल्यावर अंथरुणात त्यांनी तीच पुस्तके मागितली, पण घरात ती नव्हती. ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा एवढेच होते. नाइलाजाने तेच वाचले आणि पुढे त्यांच्या हातून येशूसंघ उभा राहिला हे आपण जाणतोच. यावरून मी वर्गात पालकांना एकच गोष्ट सांगत असे: मुलाला कंटाळा येईल त्या दिवशी घरात हाताला काय लागेल याची व्यवस्था आधी करून ठेवा. घरात मराठी पुस्तके किती आहेत, हे आपल्या प्रश्नात आलेले नाही. बारा वर्षांची मुलगी तालुक्याहून भुताची कादंबरी आणते याचा अर्थ घरात तिच्या भाषेतले, तिला ओढून घेणारे पुस्तक नव्हते, असाही होऊ शकतो.

भुतांच्या गोष्टींबद्दल मी स्वतः घाबरट नाही. आपल्या भागात रात्री वावरात जागलीला गेलेल्या माणसाकडून मूल या गोष्टी ऐकतेच. ती कादंबरी आधी आपण वाचून काढा. भीती ही एक गोष्ट आहे आणि करणी, ताईत, भगत यांच्यावर विश्वास बसवणे ही दुसरी. पहिली असेल तर पुस्तक पूर्ण करू द्यावे. दुसरी असेल तर तिच्यासोबत बसून, कोणत्या पानावर आपले मत वेगळे आहे ते सांगावे.

उत्तर २ : बल्लारपूरकडचा बाप

गुरुजींचा अनुभव मोठा आहे, तरीही मी काहीसा असहमत आहे. आमचे कुटुंब सिरो-मलबार (मूळ केरळच्या कॅथलिक) परंपरेतले, चांदा धर्मप्रांतातले. दोन्ही मुलगे सहावीपर्यंत घरी शिकले. आमच्या घरातला नियम असा होता की जे पुस्तक मी किंवा पत्नीने वाचलेले नाही ते मुलांच्या हाती जाणार नाही. यात अपवाद नव्हता आणि पत्नीचा व माझा त्यावर कधी वादही झाला नाही. संत तेरेजाची हकिगत अर्धी सांगून थांबू नये. त्याच ठिकाणी ती पुढे हेही लिहिते की त्या कादंबऱ्यांनी आपल्या चांगल्या इच्छा थंड होत गेल्या. एकदा मनात बसलेले चित्र आईने शेजारी बसून पुसता येत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. नियम मुलांना आधी माहीत असला पाहिजे आणि तो पालकांवरही बंधनकारक असला पाहिजे. मुलाने पुस्तक आणून दिले तर आठ दिवसांत ते वाचून हो किंवा नाही सांगायचे, नाही असेल तर कारण सांगायचे, हे आम्ही पाळत होतो. पेरणीच्या दिवसांत रात्री अकराला कंदिलासारख्या उजेडात मुलांच्या कादंबऱ्या वाचत बसलो आहे, वीज नसे. आणि ताई, पुस्तकांवर एवढा पहारा ठेवून मोबाईल मुलांच्या हाती मोकळा असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

उत्तर ३ : वाचनालयाची खिडकी (वर्धा जिल्हा)

मी १८ वर्षे एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात काम केले आहे आणि माझी दोन्ही मुले काही वर्षे घरी शिकली आहेत, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेली आहे. आठ दिवसांची मुदत मला फार आवडली. मात्र बल्लारपूरच्या दादांच्या नियमात एक गाळलेली जागा आहे: बारा-तेरा वर्षांचे मूल आईबापांपेक्षा वेगाने वाचू लागते. मग एक तर मुलाचे वाचन आपल्या वेगावर येते किंवा पुस्तके कापसात जातात.

ताईंनी मराठीबद्दल विचारलेले नाही, पण सगळे घोडे तिथेच अडले आहे असे मला वाटते. कॅथलिक वाचन म्हणजे इंग्रजी वाचन असा आपल्याकडे समज झाला आहे, आणि तो आपल्याच इतिहासाला धरून नाही. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्याला आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठीत, ओवीत रचली, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ कुणा मुलाने सबंध वाचावा असे मी म्हणणार नाही. त्यातली जुनी, कोकणी वळणाची भाषा मलाही जागोजागी अडते. परंतु नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत रोज पाच-सहा ओव्या मोठ्याने म्हणून पाहा. शेजारच्या घरातला हरिपाठ रोज कानावर पडणाऱ्या मुलांना ती लय आपोआप जमते. माझ्या मुलाने तर त्या हरिपाठाच्याच चालीवर म्हणायला सुरुवात केली होती आणि मी त्याला थांबवले नाही.

त्या ज्येष्ठांना यातच उत्तर आहे. स्टीफन्स यांनी परधर्मीयांचा म्हणून ओवीचा साचा टाकून दिला नाही. त्यांच्याही कितीतरी आधी, चौथ्या शतकात, संत बासिल यांनी तरुणांना ग्रीकांचे जुने साहित्य कसे वाचावे हे सांगताना मधमाशीचा दाखला दिला होता: ती सगळ्याच फुलांवर सारखी बसत नाही, आणि ज्या फुलावर बसते ते अख्खे उचलूनही नेत नाही. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो अशी तिची बांधणी आहे, त्यामुळे जपमाळेनंतर एक रात्र वाचायला ती नेमकी बसते. त्यात देवपूजा आहे, व्रते आहेत. मुले विचारतील, आणि तेव्हा त्यांच्या घरी असे करतात, आपल्या घरी असे करतो, हे सांगायला आई समोर बसलेली असेलच. आईचे ऐकणे, खोटे न बोलणे, गरिबीत मान न टाकणे यांत कोणत्या आज्ञेचा भंग होतो ते मला अद्याप कळलेले नाही. पंचतंत्राबद्दल मात्र माझी तक्रार धर्माची नसून धूर्तपणाची आहे. सहा वर्षांच्या मुलीला त्यातल्या निवडक गोष्टीच सांगाव्यात.

मोठ्या मुलीसाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुचवते. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये प्रोटेस्टंट मंडळीत झाला, तेव्हा हे पुस्तक कॅथलिक नाही हे आधीच सांगून ठेवते. पण नवऱ्याने धर्म बदलल्यावर एका बाईच्या आयुष्याची काय उलथापालथ झाली, सोवळेओवळे तिच्या अंगातून कसे हळूहळू सुटले, हे इतक्या हसत-हसवत आणि इतक्या खरेपणाने मराठीत दुसरे कोणी सांगितलेले नाही. दोनच ख्रिस्ती घरे असलेल्या गावात वाढणाऱ्या मुलीला त्यात स्वतःचे काहीतरी सापडेल.

बायबल घेताना अनुक्रमणिका पाहून घ्या. बाजारात सहज मिळणाऱ्या मराठी बायबलात पुष्कळदा ६६ पुस्तके असतात. कॅथलिक बायबलात ७३ असतात. तोबित, युदीथ आणि मक्काबी ही नावे यादीत दिसली नाहीत तर ती आवृत्ती आपली नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मुलीच्या वयाला वाचता येण्यासारख्या आजच्या मराठीत आहे. धाकटीला तोबितच्या पुस्तकातली, मुलगा, देवदूत आणि त्यांच्यामागून चालणारा कुत्रा यांची गोष्ट आधी सांगा. लहान मुलांना कुत्रा लक्षात राहतो आणि कुत्र्यामागून देवदूत. मासिकांत १९०३ पासून निघत आलेला 'निरोप्या' आहे, आणि निव्वळ मराठी वाचनासाठी बालभारतीचे 'किशोर' आहे. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मी त्यातल्या कथा छापून, शिवून मुलांना देत असे.

राहिला मुलाचा प्रश्न. ते पुस्तक फाडू नका, लपवूही नका. त्या चित्रावर बोट ठेवून त्याला सांगा की ज्याने हे काढले त्याने आपल्या आजीला कधी पाहिले नव्हते. आणि साहसाची हौस असेल तर त्याला आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया सांगा, जे आधी जपानमध्ये व्यापार करीत होते, मग फ्रान्सिस्कन बंधू झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर २५ जणांबरोबर क्रुसावर मारले गेले.

कोरडवाहू आई

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मी आभारी आहे. घरात मराठी पुस्तके किती, हा गुरुजींचा प्रश्न लागला. मोजली, पाठ्यपुस्तके आणि प्रार्थनापुस्तके सोडून सात निघाली, त्यांतली दोन शेतीची.

वाचनालयाच्या ताईंना एक विचारायचे आहे. खोक्यात संत मारिया गोरेत्ती यांचे चरित्र आहे. मृत्यूच्या वेळी त्या ११ वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्या मुलीहून लहान. नणंदेचा आग्रह आहे की मुलीने ते आत्ताच वाचावे. मला हात पुढे करवत नाही.

वाचनालयाची खिडकी (वर्धा जिल्हा)

आपला हात थांबला ते योग्यच झाले. मी स्वतः ते पुस्तक मुलीच्या हाती एकटीने वाचायला देणार नाही, आपल्या तोंडाने सांगेन, तेही शरीराबद्दलचे, नको असलेल्या स्पर्शाबद्दलचे बोलणे आईलेकींत आधी होऊन गेले असेल तरच. १९०२ मधली ती घटना अत्याचाराच्या प्रयत्नाची व खुनाची आहे, आणि जुन्या पुस्तकांत ती अशा शब्दांत सांगितलेली असते की मुलीच्या मनात भलताच ग्रह बसतो: जी मेली ती पवित्र, मग जी जिवंत राहिली ती कोण? हे चर्चचे म्हणणे नाही. ज्या मुलीवर अत्याचार होतो तिच्याकडे कसलाही दोष जात नाही, हे आधी स्वच्छ सांगावे आणि मग मारियाने मरताना मारेकऱ्याला केलेली क्षमा सांगावी.

क्षमेचीच कथा हवी असेल तर जवळची आहे. सिस्टर राणी मारिया गोरगरिबांसाठी काम करताना १९९५ मध्ये इंदूरजवळ बसमध्ये मारल्या गेल्या, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. २०१७ मध्ये सिस्टर राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. हिंसा यातही आहे, पण राखी म्हणजे काय हे आपल्या मुलीला कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

बल्लारपूरकडचा बाप

या शेवटच्या उत्तराशी पूर्ण सहमत आहे. 'स्मृतिचित्रे' मात्र मी चौदाच्या आधी दिली नसती. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हा भेद मुलांना धर्मशिक्षणात समजल्यानंतर ते पुस्तक द्यावे, एवढाच माझा आग्रह आहे.

कोरडवाहू आई

'स्मृतिचित्रे' तूर्त मीच वाचायला घेते, मुलीचे नंतर पाहू.

ती भुताची कादंबरी दोन रात्रींत वाचून काढली. करणी-भगत काही नाही, एक पडका वाडा आहे आणि शेवटी भूत म्हणजे इस्टेटीसाठी सोंग घेतलेला पुतण्या निघतो. मुलीला सांगितले की पुढे वाच. ती म्हणाली, शेवट तूच सांगून टाकलास, आता काय वाचू. तेव्हा आठ दिवसांच्या नियमात आम्ही एक कलम वाढवले आहे की आईने शेवट सांगायचा नाही. पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली आहे. सोमवारी तालुक्याला बाजारासाठी जाणे आहे, तेव्हा दंड भरून तिच्या नावाने दुसरे घेऊ. निवडायला ती सोबत येणार आहे.